चित्रप्रदर्शनाचे दार शहरासाठीही उघडावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या कोल्हापूर शहरातील एका जुन्या खासगी क्लबच्या सभागृहात स्थानिक चित्रकारांचे चार दिवसांचे प्रदर्शन भरले होते. क्लबचे सभासद असलेल्या एका स्नेह्यांमुळे मला ते दोनदा, सावकाश पाहता आले. त्याविषयी जे लिहायचे आहे त्यातला बराच भाग कौतुकाचा आहे आणि तो मी आधी लिहितो, कारण पुढे जी विनंती करणार आहे ती कोणी निव्वळ तक्रार म्हणून बाजूला सारू नये.

क्लबने चित्रकारांकडून सभागृहाचे भाडे घेतले नाही आणि विकल्या गेलेल्या चित्रांवर कमिशनही घेतले नाही. ही गोष्ट चित्रकारांखेरीज इतरांना लहान वाटेल. प्रत्यक्षात प्रदर्शन भरवणाऱ्याला दालनाचे भाडे, माउंट, काच, फ्रेम, टेम्पोचे भाडे, निमंत्रणपत्रिका आणि उद्घाटनाचा चहा हा सगळा खर्च एकही चित्र विकले जाण्याआधी स्वतःच्या खिशातून करावा लागतो, आणि जलरंगातल्या चित्राच्या बाबतीत तर नुसती फ्रेमच कागद आणि रंग यांच्यापेक्षा महाग पडते. घरात हप्ते चालू असताना असा खर्च करणे कोणालाही सोपे नसते, म्हणून कितीतरी चांगली चित्रे कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवलेली मी पाहिली आहेत. क्लबने हा भार उचलला, भिंतींवरच्या ढाली आणि जुनी छायाचित्रे उतरवून जागा मोकळी केली, काचेवर चकाकी येणार नाही अशा बेताने दिवे लावले, आणि दोन चित्रांमध्ये पुरेसे अंतर ठेवले. शाळेच्या वर्गात सुतळी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून ज्याने वर्षानुवर्षे प्रदर्शने भरवली आहेत त्याला या गोष्टींचे मोल कळते.

चित्रेही त्या मांडणीला साजेशी होती. पहाटेचा रंकाळा तलाव आणि पलीकडच्या काठावर धुक्यात अर्धवट दिसणारा शालिनी पॅलेस हा आपल्याकडच्या निसर्गचित्रकारांचा नेहमीचा विषय आहे, त्यामुळे त्यात नवे काही दिसेल अशी माझी अपेक्षा नव्हती, पण एका तरुण चित्रकर्त्रीने पाण्यापेक्षा काठावरच्या ओल्या पायऱ्यांवर लक्ष ठेवून तो विषय निराळा केला होता. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या सासनकाठ्यांचे, म्हणजे निशाणे लावलेल्या उंच काठ्यांचे, एक मोठे तैलचित्र होते, त्यात गुलालाचा रंग इतक्या छटांनी लावला होता की उन्हातला गुलाल वेगळा आणि सावलीतला वेगळा ओळखू यावा. तालमीतली तांबडी माती, कपिलतीर्थ मंडईत पालेभाजीच्या पेंढ्यांमागे बसलेली म्हातारी, 2019 च्या महापुरात निम्म्यापर्यंत बुडालेली घरे आणि माडीच्या खिडकीतून बाहेर बघणारे एक मूल, ही चित्रे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

त्यातही एका गुऱ्हाळाच्या जलरंगचित्रापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीतून उठणारी वाफ दाखवण्यासाठी चित्रकाराने पांढरा रंग वापरलाच नव्हता. त्याने कागद तेवढा कोरा सोडला होता आणि भोवतीचे रंग ओल्यावर ओले सोडून त्या वाफेच्या कडा विरघळवल्या होत्या. हे एकदाच साधते, चुकले तर कागद फाडावा लागतो, आणि त्या चित्रात ते साधले होते. वाफेआडचा गुळव्या, म्हणजे गूळ तयार करणारा कारागीर, नुसता खांद्याच्या वाकण्यावरून ओळखू येत होता. हा चित्रकार शाळेत माझा विद्यार्थी होता, हे मी लपवत नाही. पण माझा विद्यार्थी नसता तरी मी हेच लिहिले असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहीत आहे ती सांगतो. प्रदर्शनाला प्रवेश फक्त क्लबचे सभासद आणि त्यांनी नोंदवहीत सही करून आत घेतलेले पाहुणे यांनाच होता. प्रत्येक चित्रकाराला दोन पास मिळाले होते आणि तेही उद्घाटनाच्या संध्याकाळपुरते. माझ्या या विद्यार्थ्याने ते दोन पास आपली पत्नी आणि आपल्याला पहिल्यांदा जलरंग शिकवणारे महाविद्यालयातले शिक्षक यांना दिले. उरलेल्या तीन दिवसांत आपल्या वडिलांना सवडीने आणता येईल, असे त्याला वाटले होते.

त्याचे वडील पाट्या रंगवणारे. दुकानांच्या पाट्या, तालीम मंडळांचे फलक, ट्रकच्या मागची अक्षरे, निवडणुकीच्या दिवसांत भिंतीच्या भिंती त्यांनी रंगवल्या आहेत, आणि फ्लेक्स आल्यावर ते काम आटत गेले तेव्हा घरांच्या रंगकामावर जाऊन त्यांनी मुलाचे शिक्षण पूर्ण केले. गुऱ्हाळाच्या त्या चित्राची फ्रेम त्यांनी घरीच ठोकली होती. तिसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ते क्लबच्या फाटकाशी गेले. पहारेकऱ्याने अदबीनेच सांगितले की सभासदांची सही लागते, आणि पायात चपला असतील तर सभागृहात सोडता येत नाही. त्यांनी वाद घातला नाही. मुलगा आत होता, त्याला निरोप गेला, तो बाहेर आला आणि रस्त्याच्या कडेला स्कूटरवर बसलेल्या वडिलांना त्याने मोबाइलवर सभागृहाची छायाचित्रे दाखवली. मी त्याच वेळी बाहेर पडत होतो म्हणून हे मला दिसले. त्या संध्याकाळी मी ते शब्दांत नीट मांडू शकलो नाही, म्हणून आज लिहीत आहे.

चित्र त्यांनी घरात पाहिले होतेच. ते कागदावर उतरत असताना, वाळत असताना, फ्रेममध्ये बसत असताना त्यांच्याइतके ते कोणीच पाहिले नसेल. त्यांना पाहायचे होते ते भिंतीवर लागलेले चित्र, दिव्याखालचे, आणि त्याच्यासमोर अनोळखी माणसे थांबत आहेत असे. त्यासाठीच तर प्रदर्शन असते. नाहीतर विकत घेणाऱ्याला घरी बोलावून चित्रांची चळत दाखवता येते आणि व्यवहार तिथेच होऊ शकतो.

पहारेकऱ्याचा यात काही दोष नाही; तो नियमाप्रमाणे वागला. क्लबच्या पदाधिकाऱ्यांनीही मुद्दाम कोणाला दूर ठेवले असे मी म्हणणार नाही. रोजच्या जेवणाच्या आणि खेळाच्या दालनांसाठी केलेले नियम प्रदर्शनालाही तसेच लागू राहिले, त्यांचा वेगळा विचार करायचे कोणाच्या लक्षात आले नाही, एवढेच घडले असावे. पण ज्या गावाने आपल्या नावाच्या चपलेला जगभर ओळख मिळवून दिली त्या गावात, त्याच गावच्या चित्रांपर्यंत जाण्याच्या वाटेवर चपला आड याव्यात, ही गोष्ट मला बोचली आणि ती बोचली हे सांगायलाच हवे.

कोल्हापूरच्या कलेचा इतिहास आठवला की हे अधिकच जाणवते. आपल्याकडे पाट्या रंगवणारा आणि चित्रकार यांच्यात फार मोठी भिंत कधी नव्हती. बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव यांना लोक ‘पेंटर’ म्हणू लागले ते त्यांच्या कामावरून, आणि तेच पुढे त्यांचे आडनाव झाले. कोणत्याही कलाशाळेची पदवी नसलेल्या या माणसांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, आणि जुनी माणसे सांगत की पडदा उघडताच पात्र बोलण्याआधी प्रेक्षकांतून टाळी पडे ती त्या रंगवलेल्या महालाला किंवा अरण्याला असे. ती टाळी वाजवणाऱ्यांत मागच्या स्वस्त जागेवर बसलेले गवंडी, विणकर आणि हमालही असत. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढे आणला, आपल्या चित्रपटांची जाहिरातचित्रे स्वतः रंगवली, आणि शिवाजी चौकातला शिवरायांचा पुतळाही घडवला. पडदा, जाहिरातचित्र, चौकातला पुतळा, या तिन्ही गोष्टी अशा जागी आहेत की तिथे सहीची वही लागत नाही. त्यांच्या हाताखाली घडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम यांनी 1929 साली याच शहरात ‘प्रभात’ फिल्म कंपनी सुरू केली, आणि त्या चित्रपटांतल्या नेपथ्यामागे असलेली चित्रकाराची नजर साऱ्या देशाने पाहिली.

याच्या उलट बाजूला मला आबालाल रहिमान आठवतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून शिकून आलेला हा विलक्षण चित्रकार कोल्हापुरात परतला आणि कोटीतीर्थ तलावाच्या, रंकाळ्याच्या परिसरात रमला. त्यांच्या गुणाची पारख असणारे राजर्षी शाहू महाराज त्यांना लाभले, हे त्यांचे आणि आपले भाग्य. परंतु 1922 साली महाराज गेले आणि त्यानंतर आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडली, असे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. त्या सांगण्यातले तपशील बदलतात. पण ही गोष्ट लोकांना इतकी वर्षे खरी वाटत आली आहे आणि तिच्यात काय दुखते ते मला समजते. दरबाराचा आश्रय होता, पण ती चित्रे पाहण्याची सवय असलेला, ती पुन्हा पाहायला येणारा, त्यांच्याविषयी घरी जाऊन बोलणारा मोठा समाज त्या चित्रकाराभोवती उभा राहिला नव्हता. आज टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात त्यांची चित्रे पाहायला मिळतात ती कोणालाही, आणि मीही ती पहिल्यांदा शाळेच्या रांगेतून जाऊनच पाहिली. छापील चित्रावरून जे मोठे असेल असे वाटले होते ते प्रत्यक्षात वहीच्या पानाएवढे निघाले, आणि तेवढ्याशा कागदावर एवढे आकाश कसे मावले या आश्चर्यातून मी पुढे चित्रकलेकडे वळलो.

म्हणून मला क्लबसारख्या संस्थांच्या आश्रयाचे स्वागत करताना त्याची मर्यादाही सांगावीशी वाटते. आश्रय देणारा चित्र विकत घेतो आणि त्याने चित्रकाराचे घर चालते; हे फार महत्त्वाचे आहे आणि या प्रदर्शनात काही चित्रे विकली गेली याचा मला मनापासून आनंद आहे. विकत न घेणारा प्रेक्षक मात्र चित्रकाराला वेगळे काही देतो. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात मी हे अनेकदा पाहिले आहे. दसरा चौकात बसची वाट पाहणारा एखादा माणूस ऊन टाळायला म्हणून आत येतो, हात मागे बांधून भिंतीभोवती फिरतो, एका चित्रापाशी थांबतो आणि चित्रकाराला विचारतो, ‘ही बैलजोडी खिलार हाय न्हवं? मग शिंगं अशी कशी?’ चित्रकार गप्प होतो, घरी जाऊन शिंगे पुन्हा पाहतो. असा प्रश्न त्याला चहाच्या पेल्याशी उभे राहून दिलेल्या अभिनंदनातून मिळत नाही. टाऊन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ या कलासंस्थेची मैफल होते तेव्हा झाडांखाली चित्रकार चित्रे काढतात, गायक गातात, आणि भाजीची पिशवी घेऊन घरी निघालेला माणूसही त्यांच्या पाठीशी उभा राहून पाहतो. आपल्या शहराला याची सवय आहे, गोडी आहे.

ज्यांची चित्रे त्या सभागृहात लागली होती ती माणसे, म्हणजे गुऱ्हाळावरचे गुळवे, मंडईतल्या बायका, तालमीतली पोरे, त्या चार दिवसांत आत आली नाहीत. फाटकापर्यंत किती आली असती हे मला सांगता येणार नाही. पण येऊ शकतात हे त्यांना कोणी कळवलेलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट याच अंगाची आहे. चित्रांखालच्या सगळ्या पट्ट्या फक्त इंग्रजीत होत्या. गुऱ्हाळ, सासनकाठी, तालीम, पेंढी या शब्दांना इंग्रजीत नेमके प्रतिशब्द नाहीत, त्यामुळे तिथे जे लिहिले होते ते वाचून मलाच क्षणभर चित्र कशाचे आहे असा प्रश्न पडला. इंग्रजी पट्ट्या जरूर असाव्यात, बाहेरगावचे पाहुणे येतात. पण वर मराठी असावे.

क्लब ही खासगी संस्था आहे, सभासद वर्गणी भरतात, आपल्या आवारात कोणाला येऊ द्यावे हे ठरवण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि सुरक्षिततेची काळजीही रास्त आहे. हे सर्व मला मान्य आहे. मी क्लबचे दार बाराही महिने उघडे ठेवा असे म्हणत नाही. ज्या चार दिवसांत सभागृह कलादालन होते, तेवढ्या दिवसांपुरते, आणि तेही काही तासांपुरते, ते दालनासारखे चालवावे एवढेच म्हणत आहे. खासगी औदार्याने सार्वजनिक दालन उभे राहू शकते याचे उदाहरण मुंबईत आहेच. जहांगीर आर्ट गॅलरी सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून झाली आणि 1952 पासून तिथे कोणीही रस्त्यावरून सरळ आत जाऊन चित्रे पाहू शकतो. लांब कशाला, आपल्या राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांनी आपले राहते घर आणि आपली शेकडो चित्रे शासनाच्या स्वाधीन केली, आणि आज ते कलासंग्रहालय आहे. चित्रपटात नाव मिळवलेल्या माणसाने आपल्या चित्रांसाठी अनोळखी लोकांची सोबत मागून घेतली, हे मला फार मोठे वाटते. आणि ‘क्लब’ हा शब्दही या शहराला परका नाही. गायन समाज देवल क्लबाने एकोणिसाव्या शतकापासून इथे संगीत जपले आणि त्याच्या बैठकींनी कोल्हापूरचा कान घडवला.

केशवराव भोसले नाट्यगृहाला 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आग लागली तेव्हा माझ्या वयाची माणसे खासबागेत उभी राहून रडली. सर्वांना येता येईल अशी जागा शहराला किती हवी असते हे त्या रात्री आपण पाहिले आहे. चित्रांसाठी तर शाहू स्मारकाचे दालन सोडले तर प्रदर्शनाला साजेशा जागा मुळातच फार नाहीत. अशा वेळी एवढे चांगले, प्रकाशाची उत्तम सोय असलेले सभागृह चार दिवस चित्रांनी भरलेले असावे आणि सकाळच्या वेळी तिथे कोणीच नसावे, याची हळहळ वाटते. मी गेलो तेव्हा एकदा सकाळचे अकरा वाजले होते आणि पाऊण तासात माझ्याशिवाय आत एकच गृहस्थ आले, तेही वर्तमानपत्र शोधत.

तेव्हा क्लबच्या व्यवस्थापन समितीला माझी विनंती अशी. पुढच्या वर्षी प्रदर्शन भरवाल तेव्हा, आणि ते जरूर भरवावे, रोज सकाळी दहा ते एक हे तीन तास सर्वांसाठी मोकळे ठेवावेत. सभागृहाला रस्त्याच्या बाजूने स्वतंत्र दार आहे, त्यामुळे येणाऱ्यांना जेवणघर किंवा खेळांच्या दालनांकडे जावे लागणार नाही. नाव आणि गाव वहीत लिहून घ्यावे, पिशव्या बाहेर ठेवाव्यात, पादत्राणांची अट त्या तासांपुरती शिथिल करावी. चित्रकाराच्या घरच्या माणसांना चारही दिवसांचे पास द्यावेत. एक सकाळ शाळांसाठी राखावी. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतली कितीतरी मुले मूळ जलरंगचित्र एकदाही न पाहता परीक्षा देतात, कागदाचा पोत रंगाखालून कसा दिसतो हे त्यांना छापील चित्रावरून कळत नाही, आणि मग ती पोस्टर रंगासारखे जाड जलरंग लावतात. ती चूक मुलांची नसते. एका सकाळी अशा तीस-चाळीस मुलांना त्या गुऱ्हाळाच्या चित्रासमोर उभे करता आले असते तर वाफ कशी दाखवायची हे मला फळ्यावर कधी सांगता आले नाही ते त्यांना दोन मिनिटांत दिसले असते.

चित्रकारांनाही एक सांगायचे आहे. भाडे माफ झाले म्हणून अटींविषयी काही विचारायचेच नाही असे समजू नका. तुमचे चित्र कोणाला पाहता येणार आहे, हा प्रश्न आयोजकांना आधी विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे, आणि तो सौजन्याने विचारता येतो.

मनुष्यबळाची अडचण क्लबला वाटत असेल तर तिची सोय होऊ शकते. मी आणि माझे तीन सहकारी, सगळे निवृत्त चित्रकला शिक्षक, रोज सकाळी त्या दाराशी वही घेऊन बसायला आणि मुलांना प्रदर्शन दाखवायला तयार आहोत. त्यासाठी आम्हाला चहाशिवाय काही नको. चित्रांखालच्या मराठी पट्ट्या मी स्वतः सुलेखनात लिहून देईन. शीर्षके आठवडाभर आधी मिळाली तर पुरे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
मंगळवार पेठ, कोल्हापूर